पिसांचा कातळ

फार पूर्वी, एक खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे मच्छीमारांचं एक लहानसं गाव होतं. पुरुष होड्या घेऊन बाहेर जात. बायका कातळावरचे शिनाणे काढत. शिनाणे म्हणजे हिरवट काळ्या शिंपल्यांत राहणारे जीव. ते आपल्याच तंतूंनी कातळाला स्वतःला बांधून घेतात. बायका पटाशीने ते सुटे करत, उकडत, वाळवत आणि डोक्यावरून वरच्या गावांत नेऊन त्यांच्या बदल्यात तांदूळ आणत. होड्यांना मासा मिळो न मिळो, शिनाण्यांवर गावाचं पोट चाले.

अमावास्या-पुनवेला मोठी ओहोटी लागली की गावासमोर एक लांब काळा कातळ पाण्यातून वर येई. त्याच्या अगदी खालच्या कडेला, जिथून पाणी जेमतेम घटकाभर हटे, तिथे पिसं उगवलेली असत. वीतभर लांब, फिकट पिवळी, कोंबडीच्या पिसासारखे दोन्ही बाजूंना कंगव्याचे दात असलेली. हात लागला तर बोटांना बारीक खाज सुटे. लोक त्यांना दर्याची पिसं म्हणत आणि गवतच समजत.

गावात येसू नावाची एक विधवा होती. कातळाची कुठली बाजू या वर्षी काढायची, कुठली सोडायची, हे तीच ठरवी. तिला कोणी नेमलं नव्हतं. पण तिचा शब्द चुकलेला कोणी पाहिला नव्हता, म्हणून बायका तिला विचारूनच टोपल्या उचलत.

ती पिसं गवत नाहीत, हे गावात एकट्या येसूला ठाऊक होतं. तिची मुलगी मंजुळा लहान असताना एकदा येसूने पिसासकट एक दगड आणून पांढऱ्या वाडग्यात समुद्राच्या पाण्यात ठेवला होता. पाणी निवळलं तशी पिसाच्या एकेका कांडीवर बारीक बारीक तोंडं उघडली, राईच्या दाण्याहूनही लहान, भोवती केसांसारखे हात पसरलेली. येसूने लाल कोलंबी चेचून तिचा कण टोकाच्या तोंडांना लावला. तोंडांनी तो ओढून घेतला. मग तिने वाडगा उन्हाकडे धरला, तर लाली टोकाकडून हळूहळू दांड्यात उतरली आणि ज्या तोंडांना काहीच मिळालं नव्हतं त्यांच्यापर्यंत जाऊन पोचली.

"आये, ही एक आहे की पुष्कळ?" मंजुळाने विचारलं.

"काय सांगू बाय? तोंडं पुष्कळ आहेत. पोट मात्र एकच दिसतंय."

पिसावर काही शेंगांसारख्या फुगीर गाठीही होत्या. त्यांना तोंडं नव्हती, त्या काही खात नव्हत्या. चार दिवसांनी त्या गाठींतून खसखशीहून बारीक पांढरे जीव बाहेर पडले आणि वाडग्याच्या तळावर सरपटत गेले. ज्या गाठी खात नव्हत्या त्यांनीच पिल्लं वाढवली होती, आणि खाणाऱ्या तोंडांनी त्यांना पोसलं होतं. येसूने तो दगड परत नेऊन होता तिथे ठेवला.

पुढे मंजुळा मोठी झाली, लग्न होऊन पलीकडच्या गावी गेली.

एका वर्षी आश्विनात मोठं वादळ झालं. होड्या किनाऱ्यावर आपटून फुटल्या. वरच्या गावांतली भातं आडवी झाली, तेव्हा तिथले लोकही शिनाण्यांच्या बदल्यात पहिल्यासारखे तांदूळ देईनात. त्याच हिवाळ्यात एक परगावचा व्यापारी गावात आला. त्याने पिसं पाहिली, हातात फिरवली आणि म्हणाला, "ही वाळवून मला द्या. मी हिरव्या रंगात बुडवतो. शहरातले लोक फुलदाणीत ठेवतात. पाणी घालायला नको, कधी कोमेजत नाहीत. टोपलीभर पिसांना पायलीभर तांदूळ देईन."

बायका येसूकडे आल्या. येसूने दोन दिवस विचार केला आणि मग सांगितलं, "कापा. पण बोटभर वरून कापा. कातळाला दोऱ्यांचं जाळं चिकटलेलं असतं, त्याला धक्का लावायचा नाही. वैशाखात ही पिसं आपोआप झडतात, पाहिलंत ना? नुसते दोरे उरतात. पाऊस सरला की त्याच दोऱ्यांतून पुन्हा उभी राहतात. दोरे राहिले तर सगळं राहिलं."

"आणि कोणी मुळासकट काढलं तर?" येसूची धाकटी जाऊ गोमती हिने विचारलं.

"तिने पुन्हा कातळावर पाय ठेवायचा नाही," येसू म्हणाली.

बायकांनी तसंच केलं. कातरीने पिसं कापली, दोरे ठेवले. महिन्याभरात पिसं पुन्हा बोटभर वाढली. व्यापारी आला, तांदूळ देऊन गेला. थोडे होते, पण चुली पेटत राहिल्या.

माघात व्यापारी पुन्हा आला तेव्हा त्याने नवी गोष्ट सांगितली. "मुळासकट असलेला गड्डा आपल्या बुडावर उभा राहतो. शहरात त्याला मागणी आहे. तसा दिलात तर दुप्पट तांदूळ."

"ते होणार नाही," येसूने सगळ्यांसमोर सांगितलं.

व्यापारी भला माणूस होता. तो म्हणाला, "नसेल जमत तर राहू दे बाई. मी नुसतं विचारलं."

त्याच आठवड्यात मंजुळा बाळंतपणासाठी माहेरी आली. तिच्या सासरचीही होडी फुटली होती. पाय सुजलेले, गाल बसलेले, आणि पोट तेवढं पुढे. येसूने मुलीला आत घेतलं, पाठीशी उशी दिली आणि तांदळाचं मडकं पाहिलं. दोन वेळची पेज होईल इतकेच तांदूळ तळाला होते.

शेजारीच गोमतीचं घर होतं. गोमतीच्या भावाने वरून दोन पोती भात पाठवलं होतं, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. मंजुळाच म्हणाली, "आये, काकीकडे माग ना थोडे."

येसू उठली. पदर सारखा केला, सूप घेतलं आणि गोमतीच्या अंगणापर्यंत गेली. आत गोमती कोणाशी तरी हसत बोलत होती. येसू तिथेच थांबली. गोमती नवी नवरी होऊन आली तेव्हा शिनाणे कसे सोडवायचे हे येसूने तिला शिकवलं होतं. तिचं मूल आजारी पडलं तेव्हा येसूने आपल्या मडक्यातले तांदूळ न मागता नेऊन दिले होते. आजपर्यंत या घरातून त्या घरात फक्त गेलं होतं, आलं काहीच नव्हतं. आता रिकामं सूप घेऊन दारात उभं राहायचं, हे येसूला जमेना. ती मागे वळली.

"काकी घरात नव्हती," तिने मंजुळाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेची ओहोटी होती. उजाडता उजाडता, बायका यायच्या आधी, येसू एकटीच कातळाच्या पलीकडच्या अंगाला गेली. गावातून ती बाजू दिसत नसे. तिने पटाशी काढली आणि दोऱ्यांच्या जाळ्याखाली घातली.

जाळं सहज निघालं. ओल्या कापडासारखं ते कातळावरच्या काळ्या थरासकट सुटत आलं आणि खाली पांढरा, नागडा दगड दिसू लागला. पिसांत लपलेले लहान खेकडे, काडीसारख्या बारीक कोलंब्या भराभर खाली पडल्या. येसूने एक गड्डा पाण्यात झटकला, तर पिसांना तिळाएवढे काळे दाणे चिकटलेले होते. तिने नीट पाहिलं. ते दाणे नव्हते. शिनाण्यांची पिल्लं होती, शेकड्यांनी. समुद्रातून तरंगत आलेली पिल्लं आधी या पिसांना धरून राहतात, थोडी मोठी होतात आणि मग कातळावर उतरतात, हे त्या क्षणी तिला समजलं. आजवर शिनाणे कुठून येतात हे गावात कोणालाच माहीत नव्हतं.

येसूचा हात थांबला. पाणी चढायला लागलं होतं. "एवढीच बाजू," ती स्वतःशी म्हणाली, आणि टोपली भरत राहिली.

व्यापाऱ्याने काही न विचारता दुप्पट तांदूळ दिले. मंजुळाला मुलगी झाली. आई आणि बाळ दोघी वाचल्या. बाळंतिणीच्या खोलीत गरम पेजेचा वास दरवळला तेव्हा येसूला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

चार दिवसांनी सुंदरा नावाची एक तरुण बाई तिच्याकडे आली. सुंदराच्या घरी चार पोरं होती आणि नवरा वादळात पाय मोडून बसला होता.

"काकी, पलीकडच्या अंगाचा कातळ कोणीतरी खरवडलाय. पांढरा पडलाय नुसता."

"लाटांनी गेलं असेल," येसू म्हणाली.

सुंदराने येसूच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत लाल चट्टे उठले होते. पिसं मुळासकट उपटली की ती तशीच डसतात.

"हातांना काय झालं, काकी?"

"भाताची वाफ लागली."

सुंदरा "बरं" म्हणून निघून गेली. पुढच्या ओहोटीला ती पटाशी घेऊन कातळावर आली आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मुळासकट पिसं काढू लागली. बायका काम थांबवून येसूकडे पाहू लागल्या. येसूने आता बोलायला हवं होतं. तिने मान खाली घातली आणि आपल्या कातरीने दोन पिसं कापली. मग दुसरी बाई सुंदराच्या शेजारी जाऊन बसली. मग तिसरी. वैशाख येईपर्यंत लांबच्या लांब कातळाची कड पांढरी झाली होती.

गोमती तेवढी शेवटपर्यंत कातरीनेच कापत होती. पण तिने राखलेल्या हातभर जागेने काय होणार?

पहिल्या वर्षी कोणाला काही कळलं नाही. आदल्या वर्षांचे शिनाणे कातळावर होतेच. फक्त पाऊस सरल्यावर पिसं उगवली नाहीत. व्यापारी एकदा आला, रिकाम्या टोपल्या पाहून हळहळला आणि म्हणाला, "काही हरकत नाही, आता शहरात रंगीत कागदाची फुलं आली आहेत." नंतर तो आलाच नाही.

दुसऱ्या वर्षी बायका टोपल्या घेऊन कातळावर गेल्या, तर मोठे शिनाणे विरळ होते आणि लहान एकही नव्हता. समुद्रातून पिल्लं येत असतील, पण त्यांना धरायला काही उरलं नव्हतं. गुळगुळीत दगडावरून ती लाटेबरोबर निघून जात असतील. पिसांत राहणाऱ्या बारीक कोलंब्या गेल्या, त्यामागे त्या खाणारे मासेही खाडीच्या तोंडाशी येईनासे झाले. तिसऱ्या वर्षी कातळ पूर्ण रिकामा झाला.

आता शिनाणे उरले होते फक्त खाडीच्या तोंडाबाहेरच्या एका सुळक्यावर. तिथे चारी बाजूंनी लाटा फुटत. डोणीतून, म्हणजे लहान होडीतून, जावं लागे; एकीने डोण धरायची आणि दुसरीने खडकावर उडी मारायची. आजवर तिथे कोणी बाई गेली नव्हती, म्हणून तिथली पिसं शाबूत होती. आता जाऊ लागल्या.

एका सकाळी येसू आणि गोमती एका डोणीतून निघाल्या. गोमतीच्या भावाचं भात कधीच संपलं होतं. वल्हं मारता मारता गोमती म्हणाली, "जाऊबाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"मंजुळा बाळंतपणाला आली होती त्या वर्षी तुम्ही सूप घेऊन माझ्या अंगणात आला होतात. मी खिडकीतून पाहिलं. का परत गेलात?"

येसूच्या हातातलं वल्हं थांबलं. "तू पाहिलंस?"

"पाहिलं ना. मी तांदूळ मापून ठेवले होते. मागाहून आणून द्यावेत असंही मनात आलं. पण तुम्ही रागवाल, न मागता भीक घातली असं म्हणाल, म्हणून धीर झाला नाही. महिनाभर ते गाडगं मी तसंच ठेवलं."

"गोमती, पलीकडचा कातळ..."

"माहीत आहे मला. सगळ्यांनाच माहीत आहे. तुमच्या हातांकडे कोणी पाहिलं नसेल असं वाटतं तुम्हाला?"

"मग बोललीस का नाही?"

"काय बोलणार? माझ्या घरात पोती होती. मी बोलले असते तर भरल्या पोटाने बोलले असते."

येसूला काहीतरी म्हणायचं होतं, पण सुळका जवळ आला. येसूचे गुडघे आता साथ देत नव्हते, म्हणून उडी गोमतीच मारत असे. तिने पदर खोचला, टोपली पाठीला बांधली आणि लाट ओसरताच खडकावर पाय ठेवला. पटाशी चालू लागली. टोपली अर्धी भरली होती. तेवढ्यात एक लाट आधीच्या लाटांपेक्षा उंच आली.

"गोमती, वर चढ! वर!" येसू ओरडली.

लाट गेली तेव्हा खडकावर कोणी नव्हतं. येसू डोण घेऊन सुळक्याभोवती फिरत राहिली, घसा बसेपर्यंत हाका मारत राहिली. दुपारी गावातले पुरुष दुसरी होडी घेऊन आले आणि त्यांनी तिला ओढून परत नेलं. गोमती तिसऱ्या दिवशी खाडीच्या आत सापडली. पाठीला टोपली तशीच बांधलेली होती.

तेराव्यानंतर येसू गावच्या चावडीवर गेली. गाव जमलेलं होतं. तिने पदर दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं, "कातळ पहिल्यांदा मी खरवडला. शिनाण्यांची पिल्लं पिसांवर असतात हे मी त्याच दिवशी डोळ्यांनी पाहिलं, तरी खरवडत राहिले. मला तांदूळ मागायची लाज वाटली. त्यापायी गोमती गेली. मला काय शिक्षा करायची ती करा."

सुंदरा रडू लागली. शेवटी गोमतीचा नवरा उठला. येसूचा तो दीर. तो म्हणाला, "वहिनी, शिक्षा कसली करायची? पटाशी सगळ्यांच्याच घरात आहे." आणि तो निघून गेला. त्यानंतर तो येसूशी कधी बोलला नाही.

गावाने शिक्षा केली असती तर येसूला सोसणं सोपं गेलं असतं.

पुढल्या हिवाळ्यात येसूने सुळक्याच्या पायथ्याचे पिसं लागलेले लहान दगड ओल्या गोणपाटात गुंडाळून आणवले आणि कातळाच्या कडेच्या भेगांत बसवले. बरेचसे लाटांनी नेले. दोन भेगांत मात्र दोरे कातळाला धरून राहिले आणि वर्षभरात तळहाताएवढं जाळं झालं. गोमतीने राखलेली हातभर जागाही इंचभर पसरली. कातळ लांबच्या लांब होता. तो भरायला किती वर्षं लागतील, हे येसूने मोजलं नाही. आपण तोवर नसू, एवढं तिला कळत होतं.

दरम्यान लोक गाव सोडू लागले. आधी सुंदराचं घर गेलं, मग आणखी चार. कोणी बंदरावर हमालीला, कोणी मिठागरावर.

येसू गेली नाही. म्हातारपणी तिने एक नेम धरला. रोज संध्याकाळी ती कोणाच्या ना कोणाच्या दारात जाई आणि काहीतरी मागे. चिमूटभर मीठ, एखादी मिरची, विस्तवाचा निखारा. घरात असलं तरी मागे. नव्या सुना हसत आणि म्हणत, "आजी, कालच तर नेलंत." येसू म्हणे, "नेलं होतं. आज पुन्हा दे. आणि उद्या तुझं मडकं रिकामं झालं तर माझ्याकडे ये. मी नाही तर हिच्याकडे जा, तिच्याकडे जा. पण सूप घेऊन अंगणातून परत फिरू नकोस."

सुना हो म्हणत, आणि खरंच एकमेकींच्या दारात जाऊ लागल्या. पण तोवर गावात चूल पेटणारी दारं बोटांवर मोजण्याइतकीच राहिली होती. बाकीच्या घरांना कुलपं होती.

तात्पर्य: अडचणीत जवळच्यापुढे हात पसरायची ज्याला लाज वाटते, तो कधी कधी न सांगता सगळ्यांच्याच ताटातलं उचलतो; आणि राखणाऱ्यानेच मोडलेला नियम मग कोणी पाळत नाही.